यंत्र आणि यंता

संस्कृतांत 'यम्' या धातूचा अर्थ आवरणें, ताब्यांत ठेवणें असा आहे. नियम, संयम, नियंत्रण हे आपल्या नित्याच्या बोलण्यांतील शब्द याच धातूच्या कुळांतले. अमरकोशांत सारथ्याचीं जीं नांवें दिलीं आहेत त्यांत 'यंता' हें एक आहे, आणि 'यंत्र' हा शब्दही त्याच घराण्याचा. तेव्हां यंत्र म्हणजे पुष्कळ बळ उत्पन्न करणारी वस्तु, असा जो समज आज रूढ झाला आहे तो शब्दाच्या मुळाशीं जुळत नाहीं. बळास आवर घालून तें हवें तेवढेंच, हवें तेव्हां आणि हव्या त्या दिशेस वळवितें तें यंत्र, असें शब्दच सांगतो. विजेवर फिरणाऱ्या यंत्रांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे हा जुना अर्थच खरा होता, अशी खात्री पटते.

आज सुशिक्षित घरांत अशीं यंत्रें मोजूं गेल्यास हाताचीं बोटें पुरत नाहींत. पंखे, पाणी चढविणारा पंप, मिक्सर, कपडे धुण्याचें यंत्र, शीतकपाट, वातानुकूलन, या सर्वांच्या पोटांत एकेक मोटर आहे. या मोटरीची मूळ रचना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाली. त्यानंतर तींत मूलगामी असा फरक थोडाच झाला आहे. बदलला आहे तो तिचा सारथि. विजेचा प्रश्न निघाला कीं नवीं वीजगृहें किती बांधावयाचीं याचीच चर्चा आपल्याकडे होते. परंतु हातीं आहे ती वीज आपण कशी हांकतों, हा प्रश्नही तितक्याच आस्थेनें विचारण्यासारखा आहे. पुढील विवेचनाचा हेतु तोच.

उदाहरण घेऊं तें मुंबईच्या विजेच्या गाड्यांचें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गानें कुर्ल्यास हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी गेली. ५ जानेवारी १९२८ पासून बी. बी. सी. आय. रेल्वेच्या बोरिवलीपर्यंतच्या मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या, आणि १९३० पर्यंत पुणें व इगतपुरी हीं दोन्ही ठिकाणें घाटांसुद्धां विजेच्या तारेनें मुंबईशीं जोडलीं गेलीं. या सर्व मार्गांवरील तारेंत १५०० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह, म्हणजे ज्यास डी. सी. म्हणतात तो, खेळत असे.

एकदिश प्रवाहाच्या मोटरीचा एक चमत्कारिक स्वभाव आहे. ती फिरूं लागली कीं स्वतःच एक उलट दाब उत्पन्न करते. वेग जितका अधिक तितका हा उलट दाबही अधिक. मोटर भरवेगांत असतां तारेचा दाब आणि हा उलट दाब जवळजवळ समतोल होतात व प्रवाह माफक राहतो. परंतु गाडी स्थानकांत उभी असतां उलट दाब शून्य. अशा वेळीं मोटर एकदम तारेस जोडली तर प्रवाहाचा लोंढा येऊन तिचीं वेटोळीं जळून जावयाचीं. म्हणून वाटेंत रोधक घालून हा लोंढा अडवावा लागे. चालक दांडा एकेक खांच पुढें सरकवी आणि एकेक रोधक प्रवाहाच्या वाटेंतून काढून टाकी.

मग अडविलेल्या विजेचें काय होई? ती रोधक तापविण्यांत जाई. हिशेब साधा आहे. केवळ रोधकांच्या साहाय्यानें गाडी सुरू केली, तर तेवढ्या अवधींत तारेंतून घेतलेल्या विजेपैकीं निम्मी उष्णता होऊन हवेंत जाते. दोन मोटरी आधीं एकीमागें एक व मग शेजारीं शेजारीं जोडल्या म्हणजे हा तोटा एकतृतीयांशावर येतो. जेथें दर दोन-तीन मिनिटांनीं स्थानक येतें तेथें दिवसाकाठीं हा तोटा किती वेळां होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. जुन्या पंख्याचा पेटीसारखा रेग्युलेटर हाताला कोमट लागे, तोही याच कारणानें. पंखा मंद केला म्हणून गृहस्थ काटकसरीचें समाधान मानी. वास्तविक वांचलेल्या विजेंतील बराच भाग ती पेटी तापविण्यांत खर्ची पडे.

आतां घाटाकडे वळूं. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. त्याचा तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट असा असून घाट संपेपर्यंत गाडी सुमारें ५५० मीटर उंच जाते. एक हजार टनांची गाडी इतकी वर चढविण्यास, घर्षणाचा खर्च सोडून देऊनही, सुमारें १५०० युनिट वीज लागते. तीच गाडी परत उतरूं लागली म्हणजे हें सगळें संचित मोकळें होतें. तें आवरलें नाहीं तर गाडी सुटून अनर्थ होईल. चाकांवर ठोकळे घासून आवरलें तर १५०० युनिटांची आग त्या ठोकळ्यांनीं सोसावयाची, आणि फार तापलेल्या ठोकळ्यांची पकड तर ढिली होते. म्हणजे ज्या क्षणीं आवर घालण्याची गरज सर्वांत अधिक, त्याच क्षणीं आवरणारा हात दुबळा पडण्याचें भय. १९२८ पासून घाटांत मालगाड्यांसाठीं जीं विजेचीं इंजिनें आलीं, त्यांच्या पुढेंमागें निघालेल्या लांब नाकाडांमुळें त्यांना मगरीचें नांव पडलें होतें. त्यांत यावर एक सुंदर योजना होती. उतरणीवर मोटरीसच डायनामो करावयाचें; चाकें मोटर फिरवितात, मोटर वीज उत्पन्न करते आणि ती तारेंत परत जाऊन घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगीं पडते. उतरणाऱ्यानें चढणाऱ्यास हात द्यावा, असाच हा प्रकार.

कल्पना उत्तम, परंतु तिचा अंमल लोखंडी खांचांच्या टप्प्याटप्प्यांनींच होऊं शके. शिवाय एकदिश मोटरीस तिच्या फिरत्या भागावर घासणारे कार्बनचे ब्रश लागतात. ते झिजतात, ठिणग्या उडतात, धूळ बसते व देखभाल संपत नाहीं.

या व्याधीवरील औषध फार पूर्वींच सांपडलें होतें. १८८८ सालीं इटालींत फेरारिस व अमेरिकेंत टेस्ला यांनीं फिरत्या चुंबकक्षेत्राचें तत्त्व प्रसिद्ध केलें, आणि पुढच्याच वर्षीं दोलिवो-दोब्रोवोल्स्की यानें त्रिकला मोटरीस पिंजऱ्यासारखा फिरता भाग देऊन तिला आजचें रूप दिलें. प्रत्यावर्ती, म्हणजे ए. सी., प्रवाहाच्या तीन तारा स्थिर भागावरील वेटोळ्यांस जोडल्या म्हणजे त्यांच्या पोटांत चुंबकक्षेत्र आपोआप गरगर फिरूं लागतें. आंतला पिंजरा त्याच्या ओढीनें मागोमाग फिरतो. ब्रश नाहीं, ठिणगी नाहीं, झिजण्यासारखें काय तें बेअरिंग. अशी ही गरीब गाय! तिचा दोष एकच. तिचा वेग प्रवाहाच्या आवर्तनांशीं बांधलेला. सेकंदास पन्नास आवर्तनें असलीं तर चार ध्रुवांच्या मोटरीचें क्षेत्र मिनिटास १५०० फेरे घेणार, आणि पिंजरा त्याच्या किंचित् मागें राहणार. वेग बदलावयाचा तर आवर्तनेंच बदललीं पाहिजेत. आणि तारेंतून येणारीं आवर्तनें तर सर्वांना सारखींच. या एका अडचणीमुळें ही गुणी मोटर कित्येक दशकें गिरणींत व पंपावर एकाच वेगानें राबत राहिली, आणि रेल्वेसारख्या वेग बदलणाऱ्या कामांत बहुतेक ठिकाणीं ब्रशवालीचेंच राज्य चाललें.

ही अडचण परिवर्तकानें दूर केली. परिवर्तक म्हणजे विजेचें रूप पालटणारें साधन. तें आधीं ए. सी. प्रवाहाचा डी. सी. करतें, आणि मग त्या डी. सी. पासून हव्या त्या आवर्तनांचा व हव्या त्या दाबाचा नवा ए. सी. घडवितें. या दुसऱ्या कामास इन्व्हर्टर म्हणतात. यासाठीं सेकंदास हजारों वेळां उघडमीट करणारा खटका हवा, आणि त्यांत हलणारा भाग तर असतां कामा नये. १९५७ सालीं अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिक कंपनींत थायरिस्टर तयार झाला. परंतु तो एकदां सुरू केला कीं सहजासहजीं बंद होत नसे. पुढें १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेंत आय. जी. बी. टी. नांवाचा खटका व्यवहारोपयोगी झाला. त्याचें मुख्य श्रेय ज्यांस दिलें जातें ते बी. जयंत बालिगा हे मद्रासच्या आय. आय. टी. चे विद्यार्थी. या कार्याबद्दल त्यांना २०२४ सालीं फिन्लंडचें मिलेनियम टेक्नॉलॉजी पारितोषिक मिळालें.

नुसत्या उघडमिटीनें डौलदार लहरींचा प्रवाह कसा निर्माण होतो, अशी शंका येईल. जात्यावर दळणाऱ्या बाईचा हात सर्व फेऱ्यांत सारखा जोर लावीत नाहीं. खुंटा अंगाकडे ओढतांना एक जोर, पलीकडे लोटतांना दुसरा. तरी पीठ एकसारखें पडतें, कारण वरच्या दगडाचें वजन ते धक्के गिळून टाकतें. मोटरीचीं वेटोळीं हा विजेपुरता तसाच जड दगड होय. प्रवाहांत एकाएकीं फरक झालेला त्यांना खपत नाहीं. दहा भागांच्या अवधींत खटका तीन भाग चालू ठेवला तर वेटोळ्यांस तीनदशांश दाबाचा अनुभव येतो, सात भाग ठेवला तर सातदशांश दाबाचा. हें प्रमाण लहरीप्रमाणें कमीअधिक करीत गेलें कीं लहर सिद्ध. खटका एक तर पूर्ण उघडा असतो किंवा पूर्ण लागलेला. अर्धवट अडवणूक नाहीं, म्हणून तापणेंही थोडें. रोधकाचें पाप येथें मुळांतच टळलें.

संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला येथें एक मोठी मौज दिसते. इन्व्हर्टरांत मोटरीच्या तीन तारांसाठीं खटक्यांच्या तीन जोड्या असतात. प्रत्येक जोडींतील एकतर वरचा खटका लागलेला असतो, नाहीं तर खालचा. वरच्यास गुरु म्हणूं, खालच्यास लघु. तीन जागा, प्रत्येकीं गुरु किंवा लघु. मग एकंदर प्रकार किती? आठ! हेच पिंगलाच्या छंदःशास्त्रांतले य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण. मगणांत तिन्ही गुरु व नगणांत तिन्ही लघु. म्हणजे तिन्ही तारा एकाच टोकास लागल्यामुळें त्यांच्यांत आपसांत दाब उरत नाहीं. वृत्तांतील यतीप्रमाणें हे दोन विश्रांतीचे गण. उरलेले सहा गण भ, त, ज, य, स, र या क्रमानें म्हटले कीं मोटरींतील चुंबकक्षेत्र एक पूर्ण प्रदक्षिणा करतें. वाचकांनीं कागदावर मांडून पाहावें: प्रत्येक पायरीस तीन अक्षरांपैकीं एकच अक्षर पालटतें, आणि रगणानंतर पुन्हां भगण येतो. हाच क्रम उलटा म्हटला तर मोटर उलटी फिरते. पिंगलाला मोटरीचें स्वप्न पडलें होतें असें सुचविण्याचा हेतु मुळींच नाहीं. असल्या वृथा अभिमानानें आपलें हसेंच होतें. परंतु दोन चिन्हांच्या तीन स्थानीं होणाऱ्या मांडणीचा हिशेब कवितेंत आणि विजेंत एकच असावयाचा, एवढें खरें.

वेग हातीं आला. परंतु उत्तम सारथ्यास वेगाबरोबर ओढही हातीं लागते. चढावर ओढ अधिक, सपाटीवर कमी, आणि तीही क्षणांत बदलतां आली पाहिजे. एकदिश मोटरींत चुंबकत्व निर्माण करणारा प्रवाह आणि ओढ निर्माण करणारा प्रवाह हे दोन वेगळ्या वेटोळ्यांतून नेतां येतात. जणूं दोन घोड्यांचे दोन लगाम. पिंजऱ्याच्या मोटरींत एकाच प्रवाहाला हीं दोन्ही कामें करावीं लागतात, आणि एक लगाम ओढावा तर दुसराही ओढला जातो. या गुंत्यास वाट सांपडली ती १९७० च्या आगेंमागें जर्मनींत. हासे यांनीं डार्मष्टाट येथें आणि ब्लाश्के यांनीं सीमेन्स कंपनींत क्षेत्रानुवर्ती नियमनाची पद्धति मांडली. तिचें मर्म आपल्या परिचयाच्या दृष्टान्तानें समजेल. नावेंत बसून जाणाऱ्यास तीरावरील स्थिर वस्तु मागें जातांना दिसतात, असा आर्यभटाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. तोच येथें उलट लावावयाचा. तीरावर उभ्या असलेल्या आपणांस मोटरींतील प्रवाह क्षणोक्षणीं उलटसुलट होतांना दिसतो. पण फिरत्या चुंबकक्षेत्राच्या नावेंत बसून पाहिलें तर तोच प्रवाह स्थिर भासतो. आणि स्थिर झालेल्या प्रवाहाचे, एक क्षेत्राच्या दिशेनें व एक त्याच्या काटकोनांत, असे दोन घटक सहज पाडतां येतात. पहिला घटक चुंबकत्वाचा, दुसरा ओढीचा. दोन्ही लगाम निराळे झाले! मात्र हें नावेंत चढणें-उतरणें सेकंदास हजारों वेळां गणितानें करावें लागतें. म्हणून सूक्ष्म गणकयंत्रें स्वस्त होईपर्यंत ही पद्धति सर्वत्र पसरूं शकली नाहीं.

पुढें १९८५ च्या सुमारास जर्मनींत डेपेनब्रोक यांनीं व जपानांत ताकाहाशी आणि नोगुची यांनीं आणखी सरळ मार्ग काढला. ओढ ठरविलेल्या मर्यादेच्या खालीं गेली कीं वर, चुंबकत्व कमी कीं जास्त, आणि क्षेत्र या क्षणीं कोठल्या दिशेस आहे, एवढें पाहून आठ गणांपैकीं योग्य तो गण कोष्टकांतून थेट निवडावयाचा. चाल बिघडण्यापूर्वींच लगाम सांवरणारा हा सारथि होय.

या सर्वाचें फळ मुंबईकरांच्या पदरीं पडलें तें २००७ नंतर. त्या वर्षाच्या अखेरीस पिंजऱ्याच्या त्रिकला मोटरी व इन्व्हर्टर असलेल्या नव्या लोकल गाड्या धावूं लागल्या. त्या जुन्या १५०० व्होल्ट डी. सी. वर व नव्या २५,००० व्होल्ट ए. सी. वरही चालत. पश्चिम रेल्वेवरील पालट २०१२ सालीं पूर्ण झाला, आणि एप्रिल २०१६ मध्यें हार्बर मार्गावरील डी. सी. प्रवाह बंद होऊन १९२५ सालीं सुरू झालेलें पर्व संपलें. नव्या गाड्या ब्रेक लावतांना वीज परत देतात. घेतलेल्या विजेच्या सुमारें तीस टक्के वीज अशी परत मिळते, असें रेल्वेकडून सांगण्यांत आलें आहे. घाटांतल्या मगरीनें जें ढोबळपणें केलें, तें आतां दादर-माटुंग्याच्या दरम्यानही सहज होतें. मगरीचे रोधकही गेले आणि चालकाच्या खांचाही गेल्या.

घरांतला विचारही याच वाटेनें जातो. पंख्याला किंवा पंपाला लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत असते. वेग निम्मा केला तर शक्ति एकअष्टमांश पुरते. परंतु हा लाभ वेग खरोखरच नियमनानें कमी केला तर मिळतो, रोधकानें गळा दाबून नव्हे. साधा छताचा पंखा भरवेगांत ७० ते ७५ वॅट घेतो. चुंबकाची मोटर व इलेक्ट्रॉनिक नियामक असलेला, ज्यास बी. एल. डी. सी. म्हणतात तो, साधारण ३० वॅटांत भागवितो. एकत्र कुटुंबांत सहा पंखे दिवसाचे बारा तास फिरत असतील तर रोजचीं तीन युनिटें वांचतात. दुकानदारानें सांगितलें म्हणून 'इन्व्हर्टर' या शब्दास भुलण्यापेक्षां, या शब्दाचा अर्थ ठाऊक असलेल्या गृहस्थाने वा गृहिणीनें आपला हिशेब आपण करावा हें बरें.

नव्या सारथ्याचे दोषही सांगितले पाहिजेत. जलद उघडमिटीमुळें विजेच्या लहरींत अशुद्ध कंपनें मिसळतात व शेजारच्या उपकरणांस उपद्रव होतो. मोटरीच्या आंसांतून चोरटा प्रवाह जाऊन बेअरिंगें खराब होतात. एका जोडीचे वरचे व खालचे खटके क्षणमात्र जरी एकदम लागले तरी दोन्ही जळतात, म्हणून दोहोंमध्यें सूक्ष्म विराम ठेवावा लागतो. आणि जुना रेग्युलेटर गल्लींतला कारागीर दुरुस्त करी. नव्या पंख्याची तळहाताएवढी पट्टी बिघडली तर बहुधा ती टाकूनच द्यावी लागते. नियमनाचें ज्ञान वस्तूबरोबर घरांत येत नाहीं, ही यांतली खरी उणीव.

हीच उणीव देशाच्या पातळीवरही आहे. त्रिकला मोटरींचीं रेल्वे इंजिनें १९९३ च्या करारान्वयें एबीबी कंपनीकडून ज्ञानासह घेतलीं गेलीं, आणि १९९८ पासून चित्तरंजनच्या कारखान्यांत तीं तयार होऊं लागलीं. ही कामगिरी लहान नव्हे. तथापि ज्या खटक्यावर हा सारा खेळ चालतो, त्याचा प्रमुख निर्माता आपल्या देशांत शिकला आणि त्याची कृति मात्र परदेशच्या प्रयोगशाळेंत सिद्ध झाली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी वीजशास्त्र शिकूं म्हणाली, तर 'त्यांत आतां नवें काय उरलें आहे?' असें वडीलधाऱ्यांनीं म्हणूं नये. बळ उत्पन्न करण्याची विद्या जुनी झाली असेल. तें आवरण्याची विद्या अजून वाढत आहे, आणि ती शिकण्यास लागणारें गणित, चिकाटी व नेमकेपणा हे गुण आपल्या घरांत परके नाहींत.